प्रसन्नतेचे ओझे

मोर्शी-वरूडकडच्या संत्रा बागायतदारांच्या बोलण्यात ‘ताण’ हा शब्द सहज येतो. बहार धरायचा म्हणजे झाडाचे ओलीत ठरावीक दिवस बंद ठेवायचे, त्याची वाढ रोखायची, पाने मलूल झाली की बेताचे पाणी देऊन ताण तोडायचा. त्यानंतर झाड नव्याने पालवते आणि त्या पालवीबरोबर फूल येते. हलक्या जमिनीत ताण थोड्या दिवसांचा, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवसांचा. हे गणित ज्याला साधले त्याची बाग फळांनी लगडते. माणसाच्या ताणाविषयीही आमच्याकडे अशीच एक समजूत रूढ झाली आहे. दुःखाने माणूस घडतो, सोसल्याने तो कणखर होतो, मन घट्ट केले आणि चेहरा हसरा ठेवला की दिवस पालटतात, असे आम्ही एकमेकांना सांगत असतो. ही समजूत पूर्णपणे खोटी आहे असे नाही. परंतु बागायतदाराच्या शहाणपणाचा अर्धा भाग आम्ही या ठिकाणी विसरतो. ज्या झाडाला डिंक्या लागला आहे, ज्याचे शेंडे वाळू लागले आहेत, त्याला जाणता माणूस ताण देत नाही. त्या वर्षीचा बहार तो सोडून देतो आणि आधी झाड वाचवतो.

घरातील एखादे माणूस महिनोन्‌महिने खिन्न असते तेव्हा त्याला आम्ही काय सांगतो? ‘सकारात्मक विचार कर.’ ‘देवाने तुला काय कमी दिले आहे?’ ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढणारे लोक पाहा.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते याचा विचार सहसा होत नाही. आधीच ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या डोक्यावर प्रसन्न राहण्याचे आणखी एक ओझे चढते. ते पेलले नाही की आपण कृतघ्न आहोत, आपली श्रद्धा कोती आहे, असा दोष तो स्वतःलाच देऊ लागतो. म्हणून हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न नाही, नीतीचाही आहे. आनंदी राहणे हे माणसाचे कर्तव्य आहे काय? आणि ते ज्याला साधत नाही, त्याला दोष देण्याचा अधिकार कुणाला पोहोचतो काय?

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. दुःख आणि नैराश्याचा आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, लग्न मोडले तर माणूस दुःखी होणारच. त्या दुःखाला कारण असते, त्यात चढउतार असतात, मधेच एखाद्या नातवंडाच्या बोलण्यावर हसूही येते. नैराश्याच्या आजारात मन दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ झाकोळलेले राहते. पूर्वी ज्यात रस होता त्यातून रस उडतो. झोप उडते किंवा अतोनात येते, भूक मंदावते, अंगात त्राण राहत नाही, साधा निर्णय घेता येत नाही. आपण निरुपयोगी आहोत, घरच्यांवर भार आहोत, असे खोलवर वाटू लागते आणि मरणाचे विचार येतात. वऱ्हाडात ‘मला नैराश्य आले आहे’ असे कुणी म्हणत नाही. ‘कशात मन लागत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘टेन्शन आहे’ अशा शब्दांत ते व्यक्त होते आणि पुष्कळदा अंगदुखी, अपचन, छातीत धडधड अशा शारीरिक तक्रारींच्या आडून बोलते. डॉक्टरांनी अशा वेळी रक्त तपासावे हेही इष्ट, कारण थायरॉइडचा दोष किंवा रक्तक्षय यांचे सोंगही असेच असते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हा आजार स्त्रियांना गाठतो. ‘घरी लक्ष्मी आली, मुलगा झाला, आता रडायला काय झाले?’ असे विचारणाऱ्या सासूबाईंना हे माहीत नसते, इतकेच.

आता या भूमीचा विचार करू. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह जीवन संपवले. त्या तारखेपासून विदर्भाच्या शेतीतील दुःखाची सार्वजनिक नोंद सुरू झाली असे मानले जाते. दोन दशकांनी, २००६ च्या जून-जुलैत, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. कापूस, कर्ज, पावसाचा लहरीपणा आणि बाजारभाव यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करत नाही. संत्र्याचा पट्टा तुलनेने सुखी म्हणून ओळखला जातो, त्याला कौतुकाने ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. तथापि मोर्शी व वरूड या तालुक्यांत भूजलाचा उपसा इतका झाला आहे की बोअर कित्येक शे फूट खोल न्यावे लागते, आणि पाणी लागेलच याची शाश्वती नसते. अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय मोर्शीच्या उशाशी आहे. त्याच्या जवळच कोरडे बोअरही आहेत. फळगळ झाली, व्यापाऱ्याने सौदा मोडला, बाग उपटावी लागली, म्हणजे पाच-सात वर्षांची मेहनत एका हंगामात मातीस मिळते.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो गंभीर आहे. कर्जाने पिचलेल्या माणसाच्या दुःखाला आजार म्हणणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे काय? भाव पडल्यामुळे जो झोपू शकत नाही, त्याला झोपेची गोळी द्यायची, आणि भाव का पडला हे विचारायचे नाही, हा न्याय कुठला? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. कर्ज गोळीने फिटत नाही. परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच गावात, तेवढेच कर्ज असलेले दहाजण असतात. त्यांतील एकाचे मन आजारी पडते, नऊजणांचे पडत नाही. आणि ज्याच्यावर छदामाचे कर्ज नाही, ज्याची बाग बहरलेली आहे, अशा घरातही हा आजार येतो. गरिबी, अपमान, एकाकीपणा, दारू यांनी आजाराची शक्यता वाढते. मलेरियाला डबके पोषक ठरते तसे. म्हणून डबके बुजवावे लागते आणि तापही उतरवावा लागतो. डबके बुजेपर्यंत ताप आलेल्याने थांबावे असे कोणी म्हणणार नाही. न्यायासाठी लढायलासुद्धा माणूस अंथरुणातून उठलेला असावा लागतो.

तापावर आमच्या जिल्ह्यात काय उपाय झाला, हे आमच्याच लोकांना फारसे ठाऊक नाही. ‘विश्राम’ या नावाने अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत मानसिक आरोग्याचा एक उपक्रम राबवला गेला. आत्महत्येकडे नेणाऱ्या मानसिक कारणांवर गावातच इलाज करावा हा त्याचा हेतू होता. गावातील आरोग्य कार्यकर्त्यांना आणि प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना हे काम सोपवण्यात आले. त्यांनी गावात लहान लहान बैठका घेतल्या, आजाराची ओळख करून दिली, घरोघरी जाऊन ऐकून घेतले आणि ज्यांचा आजार तीव्र होता त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभीच्या पाहणीत नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चारजणांनी कुठे तरी मदत मागितलेली होती. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आले आणि मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ही संख्या चमत्काराची नाही. २७ जणांनी मदत मागितली म्हणजे ७३ जणांनी तरीही मागितली नाही. परंतु ज्या जिल्ह्याची ओळख महाराष्ट्राला केवळ आत्महत्यांच्या बातम्यांतून आहे, त्याच जिल्ह्यातील साध्या खेडुतांनी जगाच्या वैद्यकशास्त्राला काही शिकवले, याचे समाधान आम्हाला वाटते.

असेच एक काम गोव्यात झाले. तेथील ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधी उपचारपद्धती वापरून पाहिली. त्याचे निष्कर्षही २०१७ सालीच प्रसिद्ध झाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. आठवड्यातून एकदा, रुग्णाच्या घरी किंवा दवाखान्यात, अशा सहा ते आठ भेटी एवढाच व्याप. तीन महिन्यांनी हे उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते. ज्यांना केवळ दवाखान्यातील नेहमीची काळजी मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या पद्धतीचे मर्म आमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. आपली नेहमीची कल्पना अशी की आधी मन उभारी धरते आणि मग हातपाय हलतात. ‘उत्साह आला की करीन’ असे आपण म्हणतो. नैराश्यात तो उत्साह येतच नाही. माणूस कामे सोडतो, भेटीगाठी सोडतो, अंगण झाडणे सोडतो. जे थोडेफार सुख त्यातून मिळत असे तेही बंद होते आणि मन अधिक खोल जाते. गोव्यातील समुपदेशक रुग्णाला ‘चांगला विचार कर’ असे सांगत नव्हता. ‘उद्या सकाळी दाराबाहेर किती वेळ बसता येईल?’ असे तो विचारत होता. पाच मिनिटे म्हटले तर पाच मिनिटे. मनाची परवानगी न घेता एक अगदी लहानशी कृती करायची, ती वहीत लिहायची, दुसऱ्या आठवड्यात तीत किंचित भर घालायची. भाव मागाहून येतो. कधी येतो, कधी येतही नाही, तरी कृती झालेली असते. मूल्य भावनेच्या ठायी नसून संमतीच्या ठायी आहे, असे जुने नीतिज्ञ सांगत आले. प्रार्थनेत गोडी वाटणे हे माणसाच्या हाती नाही. गुडघे टेकणे काही अंशी आहे. तेवढीही शक्ती ज्या दिवशी नसेल त्या दिवशी पाच मिनिटे दाराबाहेर बसणे हीच त्या माणसाची प्रार्थना मानायला आम्हाला अडचण वाटत नाही.

एवढे असूनही आपल्या ख्रिस्ती घरांत या आजाराला दोषाचा वास का येतो? त्याला इतिहास आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तीत दुःख निराळे आणि ‘असेडिया’ निराळी. ‘असेडिया’ म्हणजे भर दुपारी तपस्व्याला घेरणारी विरक्ती: सूर्य हलत नाही असे वाटते, खोली नकोशी होते, कशातच अर्थ वाटेनासा होतो. ही यादी पुढे बदलत गेली आणि सात प्रमुख पापांच्या यादीत त्या जागी जो शब्द आमच्यापर्यंत पोहोचला तो ‘आळस’. कुठे त्या तपस्व्याची घुसमट आणि कुठे आळस! परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली यादी मनात घर करून राहते. नैराश्याचा रुग्ण दहा वाजेपर्यंत उठला नाही म्हणजे तो आळशी, असा निवाडा आपोआप होतो. हा भाषांतराचा दोष आहे असे म्हणून सोडून देता येईल, पण त्याची किंमत काही घरांनी फार मोठी मोजली आहे.

संतांची चरित्रे आपण नीट वाचत नाही, हेही एक कारण. संत इग्नेशियस १५२२ साली मानरेसा येथे असताना पापभीतीने इतके ग्रासले होते की जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात वारंवार आला. हे त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात लपवलेले नाही. त्यातूनच पुढे त्यांनी तो सुप्रसिद्ध नियम घालून दिला की औदासीन्याच्या काळात पूर्वी घेतलेले निर्णय बदलू नयेत. मोठ्या नैराश्यात जमीन विकणे, नोकरी सोडणे, संसार मोडणे असे निर्णय घेऊ नका असे आजचे डॉक्टरही सांगतात. बाळ येशूची संत तेरेजा हिचे वडील लुई मार्टिन यांना मेंदूच्या विकारामुळे १८८९ पासून तीन वर्षे कां येथील मनोरुग्णालयात राहावे लागले. मुली मठात गेल्या म्हणून बाप भ्रमिष्ट झाला, अशी कुजबुज त्या गावातही झाली. २०१५ साली हेच लुई मार्टिन पत्नी झेलीसह संतपदास पोहोचले. ज्या घरांत मनोरुग्ण आहे, त्या घरांतल्या वेदीवर या संताचे चित्र क्वचितच दिसते. लावायला हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कलकत्त्याच्या मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली आणि कित्येक वर्षांची त्यांची आंतरिक काळोखी जगाला कळली. तेव्हापासून काही प्रवचनांत असे ऐकू येते की, ‘मदरना पाहा, अंधारातही त्या काम करत राहिल्या!’ ईश्वर दूर गेल्याची आध्यात्मिक रात्र आणि नैराश्याचा आजार या एकच गोष्टी नव्हेत. त्यांची सरमिसळ कधी होतही असेल. परंतु आजाराचे एक लक्षणच असे की काम करण्याची शक्ती जाते. ज्याचा पाय मोडला आहे त्याला धावपटूचे उदाहरण देऊ नये.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी सोशिक आहे. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र काळोखातच संपते. त्याच्या शेवटी उजाडत नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून टिकले आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकातील एलिया संदेष्टा रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कालपर्यंत तो विजयी होता! देवदूत त्याला काय करतो? विश्वास कमी पडल्याबद्दल बोल लावत नाही, इस्राएलात तुझ्याहून दुःखी लोक आहेत असेही सांगत नाही. तो त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. कारण वाट लांबची आहे. ईश्वराची वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांनी. ईयोबाचे मित्रही आरंभी फार चांगले वागले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. बोलू लागले आणि तेथून बिघडले.

संत थॉमस अक्वायनास यांच्याविषयी आपली समजूत अशी की ते केवळ तर्काच्या गाठी सोडवणारे पंडित. त्यांनी आपल्या महाग्रंथात दुःखावरील उपायांचाही विचार केला आहे, आणि त्या यादीत अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन यांच्या जोडीला झोप आणि स्नान हेही आहेत. तेराव्या शतकातील हा महापंडित गरम पाण्याच्या अंघोळीला तत्त्वज्ञानाच्या पंगतीत बसवतो, हे वाचून बरे वाटते. त्यांचाच दुसरा एक विचार येथे अधिक उपयोगी आहे. आशेचे लक्ष्य असे भावी हित असते की जे कठीण आहे, परंतु अशक्य नाही. आणि ते स्वतःच्या बळावर किंवा दुसऱ्याच्या साहाय्याने लाभू शकते. ‘दुसऱ्याच्या साहाय्याने’ हे शब्द महत्त्वाचे. आशावाद हा स्वभाव आहे. तो एखाद्याला जन्मतः मिळतो, एखाद्याला मिळत नाही. ‘सर्व काही ठीक होईल’ असे आशावादी माणूस म्हणतो, आणि पुष्कळदा ते खोटे ठरते. आशा निराळी. तिला हसऱ्या चेहऱ्याची अट नाही. ‘मला काही दिसत नाही, पण तुला दिसत असेल तर मी तुझा हात धरून चालतो’ एवढे म्हणणारा रुग्ण आशावादी मुळीच नसतो, परंतु आशा त्याने सोडलेली नसते. त्याच्या वाट्याची आशा काही काळ दुसऱ्याने वाहायची असते. ओल्या भिंतीला टेकू लागतो तसे.

तुकोबांचेही उदाहरण आम्ही अर्धवट घेतो. मन प्रसन्न ठेवण्याविषयीचा त्यांचा अभंग शाळेच्या भिंतींवर रंगवलेला असतो आणि उदास मुलाला तो ऐकवला जातो. परंतु १६३० च्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा गेले, हे भिंतीवर लिहिलेले नसते. त्यांची प्रसन्नता त्या होरपळीच्या पलीकडची आहे. ती दुसऱ्यावर हुकूम म्हणून लादता येत नाही.

मग घरच्यांनी करायचे तरी काय? उपदेश आवरता आला तरी पुष्कळ झाले. जेवणाचे ताट समोर ठेवावे, सोबत बसावे, ‘थोडे चालून येऊ’ म्हणावे, नाही म्हटले तर राग धरू नये, उद्या पुन्हा म्हणावे. डॉक्टरांकडे एकट्याने पाठवू नये, सोबत जावे. मोर्शीहून अमरावती पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मजुरी बुडवून तेवढे जाणे-येणे हे सोपे नाही, आणि आजारी माणसाला तर बसथांबाही डोंगराएवढा वाटतो. औषधे सुरू झाली तर त्यांचा गुण यायला साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही फरक दिसला नाही म्हणून पुडी फेकून देणारे पुष्कळ. बरे वाटू लागल्यावर आपल्या मनाने गोळ्या बंद करणारे त्याहून अधिक. बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि ते थांबवायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. मधुमेहाची गोळी घेताना कुणाची श्रद्धा कमी होत नाही; ही गोळी घेतानाही होत नसावी. कुणी म्हणेल, आम्ही नोव्हेना सांगितली आहे. जरूर सांगावी. नोव्हेना नऊ दिवसांची असते आणि औषध सहा महिन्यांचे. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

मरणाचा विषय टाळू नये. ‘विचारले तर त्याच्या डोक्यात भरवल्यासारखे होईल’ ही भीती निराधार आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे मायेने, सरळ विचारले तर बहुतेकांना ओझे उतरल्यासारखेच वाटते. उत्तर होय असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत शोधावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. आणि फवारणीची औषधे घरात, खाटेखाली, धान्याच्या कोठीजवळ ठेवू नयेत. ती कुलपात असावीत, किल्ली दुसऱ्याकडे असावी. शक्य तर ती घरातच नसावीत. मरणाची ऊर्मी पुष्कळदा अल्पकाळाची असते, आणि तेवढा वेळ हाताशी साधन नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. १८९७ साली क्षयाने तळमळत असताना संत तेरेजानेही आपल्या मठभगिनींना बजावले होते की असह्य वेदना भोगणाऱ्या रुग्णाजवळ विषारी औषध ठेवू नका. चोवीस वर्षांच्या त्या मुलीला हे अनुभवातून कळले होते.

कायदाही आता रुग्णाला गुन्हेगार मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही. ख्रिस्तसभेचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेतून ते वगळण्यात आले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने स्पष्ट सांगितले की गंभीर मानसिक विकार, यातना किंवा भय यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. जीवन हे ईश्वराचे दान आहे, ते टाकून देण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही शिकवण त्याने सोडलेली नाही. आजारी माणसाच्या डोक्यावर दगड ठेवणे तेवढे त्याने सोडले. गावे मात्र मागे आहेत. अशा घरी मयतीला लोक येतात, परंतु महिन्याच्या मिस्सेला अर्धी बाके रिकामी असतात, आणि त्या घरच्या मुलीचे स्थळ जमवताना दबक्या आवाजात चौकशी होते.

वऱ्हाडातील धर्मग्रामे वसईसारखी दाट नाहीत. दहा-वीस घरे, ती पुन्हा दूरदूरच्या खेड्यांत विखुरलेली. याचा तोटा असा की मदत लांब असते. फायदा असा की कोण मिस्सेला आले नाही हे लगेच कळते. तीन रविवार जो दिसला नाही त्याच्या घरी कुणी तरी जावे, जाताना संत्री घेऊन जावे, आणि ‘का आला नाहीत?’ असे विचारू नये. रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे वाचली जातात: कुणाचे ऑपरेशन, कुणाचा हृदयविकार. नैराश्याच्या रुग्णाचे नाव त्यात कधी ऐकू येत नाही. ते यावे काय, यावर आमच्यात मतभेद आहेत. काहींना वाटते की त्याशिवाय लाज जाणार नाही. आमचे मत असे की रुग्णाने स्वतः होकार दिल्याखेरीज ते वाचू नये. आजार त्याचा आहे, आणि त्याविषयी कुणाला केव्हा सांगावे हे ठरवणे ही त्याच्या हाती उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे. तोवर ‘ज्यांची नावे येथे घेतली नाहीत त्यांच्यासाठी’ एवढी ओळ यादीच्या शेवटी वाचता येईल.